नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष नव्हे

प्रश्न असा आलाय: रिकॅल्क्युलेट, रिएस्टिमेट आणि रिॲसेस या तिन्हींना मराठीत ‘फेरमूल्यांकन’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘मूल्यांकन’ ही सध्या गोधडी झालीय, कुणावरही पांघरा. उत्तरपत्रिकेचं मूल्यांकन, पिकाचं मूल्यांकन, पुरात वाहून गेलेल्या बांधाचंही मूल्यांकन. ज्याची किंमत ठरवायची त्याला तो शब्द शोभतो: दागिना, घर, जमीन. इंग्रजीतले अप्रेझ आणि इव्हॅल्युएट तिथलेच. एकात प्राइस लपलीय, दुसऱ्यात व्हॅल्यू उघडीच बसलीय. पुढे जाऊ.

उरलेल्या तिघांतला फरक पैसेवारीत (म्हणजे पीक नेहमीच्या प्रमाण उत्पादनाच्या शंभरात किती आलं, त्या सरकारी आकड्यात) जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरात. आता 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन आखला, म्हणजे एक आर. त्यातलं सोयाबीन कापून, बडवून, उफणून 10.4 किलो भरलं असं धरा. हेक्टरात 100 आर, म्हणून हेक्टरी उतारा 10.4 क्विंटल. त्या गावचं प्रमाण उत्पादन 20 क्विंटल धरलं, तर पैसेवारी 52.

कागदावर कुणी 10.4 चे 14.0 लिहिले आणि पैसेवारी 70 निघाली. वजनाच्या नोंदीशी ताडून तोच गुणाकार-भागाकार पुन्हा केला, 52 आले. हे रिकॅल्क्युलेट. आपल्याकडे याला ‘ताळा पाहणे’ किंवा ‘हिशेब पुन्हा मांडणे’ म्हणतात आणि ते पुरेसं आहे. (कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये खडा, रोमन लोक खडे मांडून मोजत, डॉक्टर मूतखड्यालाही हाच शब्द वापरतात. हे सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय.)

पण दाणे ओले असतानाच तोलले होते. वाळवून तोलले तर 9.6 किलो. पैसेवारी 48. इथं गणित चुकलंच नव्हतं, हातात आलेला आकडा बदलला. हे रिएस्टिमेट, म्हणजे ‘सुधारित अंदाज’. 52 आणि 48 यांच्या मधोमध 50 ची रेघ आहे आणि दुष्काळाच्या सवलतींचं बरंचसं भांडण त्या रेघेच्या वर की खाली यावरच होत आलंय, तेव्हा हा फरक निव्वळ शब्दांचा नाही.

तिसरं म्हणजे चौकोन मुळात कुठं आखला? ओढ्याकाठच्या काळ्या रानात की माळावर? 20 क्विंटलचं प्रमाण कुठून आलं? हे बसून पुन्हा ठरवणं म्हणजे रिॲसेस. ‘बसून’ हा शब्द मुद्दाम घातलाय. ॲसेसच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘शेजारी बसणं’ आहे: न्यायाधीशाच्या बाजूला बसून त्याला मदत करणारा तो ॲसेसर, पुढे कर ठरवणाराही. त्यातला ‘बसणे’ हा धातू आपल्या ‘सद्’चा सख्खा भाऊबंद, सभासद आणि परिषद त्याच घरातले. गाडीची काच खाली करून बांधावरूनच ‘असेसमेंट झालं’ म्हणणाऱ्यांनी निदान बुड तरी टेकवावं. मराठीत कर किंवा सारा असेल तर फेरआकारणी, नुकसान असेल तर फेरपंचनामा.

आता खरं दुखणं. ‘प्रशासनाने नुकसान नजरअंदाज केले.’ असलं वाक्य रोज कानावर पडतं. हिंदी-उर्दूत नज़रअंदाज़ म्हणजे नजरेतून फेकून दिलेलं, दुर्लक्षिलेलं. मराठी नजरअंदाज म्हणजे नजरेनं केलेला अदमास. म्हणजे वरच्या वाक्याचा मराठी अर्थ निघतो, साहेब येऊन पाहून गेले! निजामाच्या अमलात 1948 पर्यंत काढलेल्या मुलखात दोन्ही अर्थ कानावर असणार, हे मान्य. पण लिहिताना दुर्लक्ष आहे, डोळेझाक आहे, कानाडोळा आहे. एवढे असताना उसनवारी कशाला?

आणि गंमत बघा. फारसीत अंदाख़्तन म्हणजे फेकणे, त्याचं समासात येणारं रूप अंदाज़. तीर फेकणारा तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज. (फलंदाज आपण त्याच चालीवर पाडला. तो फळी फेकत नाही. बाद दिल्यावर फेकली तर गोष्ट वेगळी.) फेकीचा शब्द अदमासाला कसा लागला? माझं म्हणणं असं की फेक आणि माप ही मुळात जोडीच आहे. विटी-दांडू आठवा. विटी टोलवली की पोरगं लांबी डोळ्यानं जोखून इतके दांडू मागतं. मागितलेला आकडा हा अंदाज. मग समोरचा वकट, लेंड, मूंड, नाल करत दांडूनं मोजतो. (हे आकडे तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुवरून आलेत. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडच्यांना हे सांगायची गरज नाही.) कमी भरलं की डाव गेला.

इंग्रजीतही अशीच जोडी आहे. एस्टिमेटचं लॅटिन मूळ एस्तिमारे, त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला दुसरा शब्द एम, म्हणजे नेम. तिकडे अदमासातून नेम झाला, इकडे नेमबाजाच्या शब्दाशेजारी अदमास. एस्तिमारेचं मूळ ‘कांसं कापणारा’ असं सांगणाऱ्या पंडितांना हा नेम दिसत कसा नाही, मला कळत नाही. दिसतं ते सोडून कांसं कापत बसतात.

‘अंदाज फारसी, म्हणून अनुमान म्हणा’ हाही उपदेश होतो. सपशेल चूक. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं विस्तव असणार, हे अनुमान. रास किती कट्टे भरेल, हा अंदाज. अनुमानाला कारण लागतं, अंदाजाला आकडा.

राहिलं फेरमूल्यांकन. किमतीखेरीज ते फार तर परीक्षेसाठी ठेवा. तिथंही नुसती गुणांची बेरीज तपासून हवी असेल तर अर्ज गुणपडताळणीचा असतो. उत्तर पुन्हा वाचून गुण ठरवायचे असतील तर पुनर्मूल्यांकनाचा, आणि त्याआधी छायाप्रत घ्यावी लागते. बोर्डाला कळलेला फरक बातम्या लिहिणाऱ्यांना कळायला हरकत नाही.