किरकोळ रुग्णांना दारातूनच परत पाठवलं तर कॅज्युअल्टीतली गर्दी कमी होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना घेऊन पाच तास बसावं लागलं, आजूबाजूला सगळे सर्दी-खोकल्याचे, त्यांना घरी पाठवलं असतं तर वडिलांचा नंबर लवकर लागला असता. आणि अशा वेळी नातेवाइकांनी काय करायचं?

नसता लागला लवकर. मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. हा समज ऐकला की अजूनही डोकं तापतं, कारण तो आमच्या वरिष्ठांच्याही डोक्यात घट्ट बसलाय.

कॅनडातल्या ओंटारिओत ११० आपत्कालीन विभागांच्या नोंदींवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ तासांत किरकोळ रुग्ण १० ने वाढले की बाकीच्यांना डॉक्टर भेटायला सरासरी २.१ मिनिटं जास्त लागत होती. इतकंच. किरकोळ रुग्ण खुर्चीवर बसतो, गोळ्या घेऊन जातो. ट्रॉली अडते ती भरती ठरलेल्या, पण वॉर्डात बेड न मिळालेल्या रुग्णामुळे.

एक रात्र सांगते. न्यूमोनियाचे एक आजोबा दुपारीच भरती ठरले होते. मध्यरात्र उलटली तरी ते आमच्याच पॅसेजमध्ये, ऑक्सिजन सिलिंडर ट्रॉलीला टेकवून. वॉर्डात विचारलं की एकच उत्तर, ‘डिस्चार्जचे पेपर झाले नाहीत, सकाळच्या राउंडनंतर बघू.’ असे भरती झालेले बरेच जण आणि दारातून येणारे नवे, सगळे आम्हा दोघींवर. मी इन्सुलिन भरत होते. सिरिंज अर्धी भरलेली, लेबल अजून लावायचं होतं, तेवढ्यात फोन, मागून कोणीतरी खांद्याला हात लावला, पलीकडून डॉक्टरांची हाक. परत आले तेव्हा ट्रेमध्ये बिनलेबलची सिरिंज. ती फेकली, पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा हाक आली, पुन्हा फेकली.

आजोबा बोलायचे बंद झालेत हे त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं. श्वास मोजला तर मिनिटाला चाळिसाच्या वर. वॉर्डात असते तर कोणीतरी आधी मोजला असता. पुढचा अर्धा तास सगळा विभाग त्यांच्याभोवती होता, मग ते आयसीयूत गेले. वाचले.

नंतरच्या मीटिंगमध्ये अधीक्षकांनी दोन उपाय सांगितले: ‘किरकोळ तक्रारींसाठी येऊ नका’ असे बोर्ड, आणि आमच्यासाठी ड्युटी संपल्यावर ताणतणावाचं शिबिर. मी म्हटलं, सर, त्या रात्री एकही ट्रॉली सर्दीवाल्याने अडवली नव्हती. उत्तर मिळालं, ‘सिस्टर, वॉर्डचं आम्ही बघतो, तुम्ही तुमचं बघा.’

बघितलं की! ऑस्ट्रेलियात संशोधक कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या मागे तासन्‌तास उभे राहिले. औषध लिहिताना मध्येच अडवलं की चुका जवळजवळ तिप्पट, आणि झोप अपुरी असेल तर त्याहून किती तरी जास्त (हे २०१८ चं). इंग्लंडच्या पन्नास लाखांहून अधिक भरती रुग्णांचा हिशोब २०२२ मध्ये आला: कॅज्युअल्टीत आल्यापासून वॉर्डातला बेड मिळेपर्यंत सहा ते आठ तासांपेक्षा जास्त वेळ गेलेल्या दर ८२ रुग्णांमागे महिनाभरात एक जादा मृत्यू. यात शिबिराने काय फरक पडणार? राउंड लवकर घ्या, डिस्चार्ज दुपारच्या आत उरका, भरती रुग्ण वॉर्डांनी थोडे थोडे वाटून घ्या, रात्री माणसं वाढवा.

आता तुमच्यापुरतं. रुग्ण बसल्या जागी बदलला, म्हणजे गुंगी आली, असंबद्ध बोलू लागला, दम वाढला, घाम फुटला, तर ट्रायजच्या, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या सिस्टरला लगेच सांगा. तेव्हा संकोच नको, अगदी औषध भरत असली तरी. ‘अजून किती वेळ?’ हे मात्र तिच्या हातात सिरिंज असताना विचारू नका.

हे सगळे अभ्यास नोंदी आणि निरीक्षणांवरचे आहेत, उशिरानेच मृत्यू झाला असं प्रत्येक बाबतीत सिद्ध होत नाही. काही ठिकाणी रिपोर्टच उशिरा येतात, काही ठिकाणी डॉक्टरच कमी असतात. आणि आमच्यातले काही जण उद्धट असतात, त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण तक्रार करणार असाल तर नुसतं ‘पाच तास बसवलं’ लिहू नका. वडिलांना भरती केलं असेल तर भरतीचा निर्णय किती वाजता झाला आणि बेड किती वाजता मिळाला, या दोन वेळा लिहा आणि मधल्या वेळाचं कारण लेखी मागा. पत्र कॅज्युअल्टीच्या इन्चार्जला देऊ नका, थेट अधीक्षकांच्या नावाने द्या.