प्लास्टर काढल्यावर आईचा हात वाकडा दिसतोय. डॉक्टरवर केस करावी का?

तुम्ही लिहिलंय की आई बाथरूममध्ये घसरल्या, मनगट मोडलं आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा हात वाकडा.

नुसता वाकडा दिसतो म्हणून करू नका. उतारवयात हाडं ठिसूळ असतात. मनगट नीट बसवलं तरी प्लास्टरच्या आत ते पुन्हा सरकू शकतं, आणि थोडं वाकडं जुळूनही पुष्कळ जणींचा हात कामाला येतो. ग्राहक आयोग असो की कोर्ट, बघतात एवढंच की त्या वेळी दुसऱ्या बऱ्यापैकी डॉक्टरने जे केलं असतं ते याने केलं का. म्हणून प्लास्टर घातल्यावर लगेच आणि पुढे आठवड्याभराने एक्सरे काढले होते का, ते शोधा. काढलेच नसतील, किंवा सरकलेलं दिसूनही ‘बसेल आपोआप’ म्हणून सोडलं असेल, तर बोलायला जागा आहे.

माझ्या धाकट्या भावाचा हात स्कूटरवरून पडून मोडला होता. प्लास्टर घातलं त्या रात्री बोटं सुजली, मुंग्या आल्या, तो अक्षरशः रडत होता. दोनदा फोन केला. ‘पहिली रात्र दुखणारच’ हे उत्तर. सकाळी प्लास्टर कापलं, पण दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. मी वकिलांसमोर त्या बोटांचे फोटो ठेवले. त्यांनी ते बाजूला सारून मोबाईलमधली कॉलची वेळ विचारली. मग म्हणाले, आधी दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरचं लेखी मत आणा. ते मिळवायला आम्हाला चार महिने लागले. स्वतःच्या व्यवसायातल्या माणसाविरुद्ध कोण लिहून देतो?

अशी एक जुनी केस पुण्यातली आहे. १९५३ साली कोकणातल्या पालशेतला मांडीचं हाड मोडलेला तरुण पुण्यात आणला. भूल न देता, जोर लावून हाड ओढलं आणि तो दगावला. डॉक्टर हरले ते त्या ओढण्यावर. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९६८ साली, भरपाई ३,००० रुपये. बाप पंधरा वर्षं त्यामागे होता.

आता पैसे देऊन घेतलेल्या उपचारासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. उपचाराला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. तारखा मात्र पडतातच. आमची साडेतीन वर्षांनी तडजोड झाली. आलेल्या रकमेतून फिजिओथेरपीचा खर्च निघाला, फार काही उरलं नाही.

आधी हॉस्पिटलकडे केसपेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ७२ तासांत द्यायचा नियम आहे. एक्सरेचा नुसता रिपोर्ट घेऊ नका, फिल्मच मागा. आणि आईंना भरलेला तांब्या उचलता येतो का, चावी फिरवता येते का, तेही इथे लिहा.