कपाटात राहणारं रिव्हॉल्वर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. रिव्हॉल्वरचा परवाना मंजूर झाल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ म्हणाले, "आता कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा." पण वापरणार तू आहेस, बाबा नव्हेत. म्हणून हे पत्र तुला.

काजूच्या मोसमात तू रोकड घेऊन वाळपईच्या बाजूला एकटी फिरतेस, त्यासाठी हा खटाटोप. ते मी समजू शकतो. तरी हिशेब करून बघ. हे रिव्हॉल्वर वर्षातला बहुतेक वेळ कपाटात पडून असणार, थोडा वेळ सरावात, त्याहून थोडा तुझ्या कमरेला. आणि देव करो, गरजेच्या वेळी बाहेर काढायची पाळी कधी न येवो. लोक मात्र त्या न येणाऱ्या वेळेचा विचार करून खरेदी करतात. तू कपाटाचा आणि सरावाचा विचार करून कर.

बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, चर्चा लवकर मिटते. 9 मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. परदेशी माल आयात करायची तुला-मला मुभा नाही. तेव्हा देशी .32 बोअर. त्याचं काडतूस सौम्य आहे, शिकणाऱ्याला ते बरंच. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव: रिव्हॉल्वरचं .32 वेगळं आणि पिस्तुलाचं .32 वेगळं. पिस्तुलाचं आखूड असतं आणि काही रिव्हॉल्वरांत काडतुसाच्या घरात बसतंसुद्धा. बसलं म्हणून चालतं असं नाही. पुडक्यावरचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता वजन. इथे मी जरा रेंगाळणार, कारण दुकानात तुला "लेडीज" म्हणून हलकं काहीतरी दाखवतील याची मला खात्री आहे. 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्याने निर्भीक काढलं, बायकांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन जेमतेम अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास, आणि द्यायचं तेही दागिन्यांच्या डब्यासारख्या डब्यात. डब्याचं मला आजही हसू येतं. वस्तू वाईट नाही, पण हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त लागतो. झटका लागला की माणूस सराव टाळतो आणि सराव टळला की ते नुसतं लोखंड, किंवा टायटॅनियम म्हण. दिवसभर पर्समध्ये बाळगायचं तर हलकं हवं, हे खरं. तुला तसं बाळगायचं नाही. 2023 मध्ये कानपूरहूनच प्रबल आलं. रिकामं 700 ग्रॅम, नळी 76 मिमी, आणि काडतुसं भरायची चक्री बाजूला उघडते. जुन्या कानपुरी रिव्हॉल्वरांत नळी पुढे झुकवून ते मधून उघडावं लागे. बाजूला उघडणारी चक्री नवख्याला सोयीची, सगळी घरं एका नजरेत दिसतात आणि रिकामं आहे की नाही याचा संशय उरत नाही. माझा कल तिकडे आहे.

पण माझ्या कलावर जाऊ नकोस, हातात घेऊन बघ. दुकानदाराला आधी उघडून रिकामं दाखवायला सांग, मग तूही उघडून बघ. लाज वाटून घेऊ नकोस, जाणता दुकानदार उलट खूश होतो. मूठ धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का? घोडा हाताने न ओढता, नुसता चाप दाबून तो दहा वेळा पूर्ण मागे नेऊन सोड. आपल्याकडच्या रिव्हॉल्वरांचा चाप जड असतो. सातव्या-आठव्या वेळी नेम धरायची पुढची माशी थरथरायला लागली, तर ते मॉडेल तुझं नाही, किंवा बोटाला दोन महिने मेहनत हवी. दुकानात रिकामा चाप ओढण्याआधी विचार. काहींना ते आवडत नाही आणि त्यांचं चुकतही नाही.

तुझ्या आजोबांची शेतीरक्षणाची बंदूक तू चालवलीस, म्हणून हे सोपं जाईल असं बाबांना वाटतं. खांद्याला टेकवायची लांब नळी वेगळी, ही वीतभर वस्तू वेगळी. मनगट किंचित हललं की दहा मीटरवर गोळी भलतीकडे. शिवाय बंदुकीला डावा हात पुढे धरायची तुला सवय. इथे चक्रीच्या पुढे बोट कधी जाता कामा नये, चक्री आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू सुटतो आणि बोट सोलवटून काढतो.

जुनं परदेशी विकाऊ आहे असंही कुणीतरी सांगेल. वेब्ली, स्मिथ अँड वेसन ही नावं ऐकून भले भले विरघळतात आणि काही लाख मोजतात. पहिल्यासाठी नको. सुटे भाग मिळत नाहीत आणि किंमत निम्मी नावाची असते. तरीही बघायला गेलीसच, तर घोडा सावकाश मागे ओढ आणि तो अडकला की चक्री घट्ट बसते का ते बघ, सहाही घरांसाठी. नळीच्या मागे पांढरा कागद धरून पुढून आत बघ, गंजाने खाल्लेले खड्डे लपत नाहीत. अंगावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच हवा. विकणाऱ्याने अधिकाऱ्यांना लेखी कळवून 45 दिवस जावे लागतात, त्याआधी हातात घेऊन घरी यायचं नाही.

आता गोवा. तुझा खरा शत्रू कुणी चोर नव्हे, जून ते सप्टेंबर हा काळ आहे. काळपट मुलामा खारट हवेत पटकन गंजतो; स्टेनलेस जरा उशिरा, पण तेही गंजतं. हाताच्या घामाचे ठसे राहिले तर आठवड्यात तांबूस डाग दिसतील. हाताळलं की पुसायचं, तेलाचा पातळ हात फिरवायचा. पातळच, तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की ऐन वेळी बार उडत नाही. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढतो. तिजोरी पावसाच्या तोंडच्या भिंतीला लावू नकोस, आणि चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट धरेल का ते आधी गवंड्याला विचार. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ल्या वेगळ्या. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या हलक्या दारूच्या, दिवसांत घरात पाहुणे असतात. ज्या संध्याकाळी तूही पेला उचलशील, त्या संध्याकाळी तिजोरीला हात लावायचा नाही.

कागदांचं थोडक्यात. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते गोव्यापुरतं असेल, तर महाराष्ट्रात बांद्याला मावशीकडे जाताना रिव्हॉल्वर घरी ठेव. पत्रादेवीची सीमा ओलांडलीस की तू विनापरवाना. नूतनीकरण 5 वर्षांनी, तारीख कॅलेंडरवर आताच लिही. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. पावती घे, नंबर तपासून घे, आणि देण्याआधी नीट तेल लाव, तिथे कुणी पुसणार नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्या भावांना सांगून ठेव: 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

आणि रोकडीबद्दल. कुणी पिशवी मागितली तर पिशवी दे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आहे. ती खरेदीआधी वकिलाकडे बसून वाच. गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं की हक्क संपतो, हे तो तुला माझ्यापेक्षा बरं समजावेल. पिशवीतल्या पैशांचा विमा निघतो का तेही त्यालाच विचार. मला वाटतं, तो या सगळ्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुकानात जायचा दिवस ठरला की कळव. सकाळचं जाऊ, गर्दी नसते. येताना परवान्याची मूळ प्रत आण, झेरॉक्सवर कुणी काही दाखवणार नाही.

तुझा,
काका