आजी देवाची चेष्टा करते का?

प्रिय मुक्ता,

काल आजीशी व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "आजी रोज एवढी पूजा करते, मग दादाला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं का म्हणाली? ही देवाची चेष्टा नाही का?" तेव्हा मी स्वयंपाकाच्या घाईत होते. आता नीट सांगते.

दादाची बारावी तोंडावर आलीय आणि तो पुस्तक मिटून दर मंगळवारी गणपतीच्या रांगेत उभा राहतो. आजीचं बोलणं त्याला होतं, हरीला नव्हे. आपण खाटेवर पडून राहायचं आणि देवाने तिथे आणून द्यायचं, असं कसं चालेल? आपल्याकडे वडीलधारी माणसं पुष्कळदा सरळ रागवत नाहीत, म्हण ऐकवतात. लागायचं ते लागतं, पण शब्दाला शब्द वाढत नाही.

इंग्रजांचंही असंच आहे बरं. जॉन हेवूड नावाच्या लेखकाने १५४६ साली इंग्रजी म्हणी कवितेत गुंफून पुस्तक काढलं. त्यात 'चर्चच्या जितकं जवळ, तितकं देवापासून दूर' अशा अर्थाची म्हण आहे. लिहिणारा नास्तिक नव्हता. पक्का कॅथलिक होता, आणि धर्मापायी म्हातारपणी त्याला देश सोडावा लागला.

जॉर्ज हर्बर्ट नावाचा इंग्रज कवी तर पाद्रीच. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी शहराजवळच्या बेमर्टन गावी असायचा. परक्या देशांतल्या म्हणी त्याने इंग्रजीत गोळा केल्या. तो गेल्यावर, १६४० साली, त्या छापून आल्या. 'तू हातपाय हलव, देव मदतीला येईल' या अर्थाची म्हण त्यात आहे. त्याची एक गोष्ट आयझॅक वॉल्टन या लेखकाने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आहे, ती मला फार आवडते. गाणंबजावणं करायला तो सॉल्झबरीला पायी निघाला होता. वाटेत एका गरिबाचं मरतुकडं घोडं ओझ्याखाली कोसळलेलं दिसलं. याने अंगातला पाद्रीचा डगला काढून ठेवला, ओझं उतरवायला हात लावला, घोडं उठल्यावर ते परत लादायलाही. त्या माणसाला पैसे दिले, जनावराला दयेने वागव म्हणून बजावलं, आणि चिखलाने माखलेला तसाच मित्रांकडे पोचला. असा माणूस म्हणींतून आळशाला टोचतो तेव्हा त्याची श्रद्धा कमी पडली, असं कोण म्हणेल? आजीचंही तसंच आहे गं.

रविवारी दादाला ही घोड्याची गोष्ट तूच सांग. आजीचं बोलणं त्याला लागलं असेल, तुझं तो ऐकेल. आणि गणितात कुठे अडतंय तेही विचार. बाबा शनिवारी सकाळी त्याला फोनवर शिकवायला तयार आहेत.

तुझी,
आई