आईच्या रिपोर्टमधला महत्त्वाचा आकडा

प्रश्न : आईचं वय ५८. ताप-खोकल्यामुळे तिची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली. हिमोग्लोबिन ९.१, तांबड्या पेशी ४१ लाख, एमसीव्ही ७०, पांढऱ्या पेशी १४,२००, न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के, प्लेटलेट ४ लाख ८० हजार. लिम्फोसाइट कमी आहेत, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती खालावली आहे का?

उत्तर : नाही. लिम्फोसाइटची काळजी सोडा. लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. १४,२०० चे १२ टक्के म्हणजे साधारण १,७००, आणि एका मायक्रोलिटर रक्तात एवढ्या लिम्फोसाइट असणं अगदी व्यवस्थित आहे. न्यूट्रोफिल वाढल्या, म्हणून बाकीच्यांचा टक्का घसरलेला दिसतो. नुसते टक्के बघून घाबरलेली माणसं मला जवळजवळ रोज भेटतात. प्रत्येक रिपोर्टवर पेशींची प्रत्यक्ष संख्या ठळक छापावी, असं माझं ठाम मत आहे.

न्यूट्रोफिल वाढणं तापाशी जुळतं. जिवाणूंचा संसर्ग झाला की हाडांमधल्या मगजातून (अस्थिमज्जेतून) त्या झपाट्याने बाहेर पडतात. रक्तातलं त्यांचं आयुष्य जेमतेम काही तासांचं. तिथून त्या ऊतींमध्ये शिरतात, जिवाणू गिळतात आणि मरतात. लिम्फोसाइटचं काम निराळं. एकदा भेटलेला जंतू ओळखून ठेवणं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांच्याकडे. त्यांतल्या काही वर्षानुवर्षं जगतात.

तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं : तांबड्या पेशी. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० असावं, आईचं ७० आहे. अशा रक्ताची स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पेशी बारक्या दिसतात आणि त्यांचा मधला फिकट भाग पसरलेला असतो. हिमोग्लोबिन भरायला लोह पुरत नाही, म्हणून असं होतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही पेशी लहान असतात, पण तिथे त्यांची संख्या बहुधा ५० लाखांच्या वर जाते. आईच्या ४१ लाखच आहेत, म्हणून माझा पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर. प्लेटलेट थोड्या वाढल्यात, त्याही संसर्गात किंवा लोह कमी असताना वाढतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या या पेशींचं इथे भय नाही.

हे लोह गेलं कुठे? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती म्हातारी झाली की मुख्यतः प्लीहेतल्या पेशी तिला मोडतात आणि लोह परत मगजाकडे जातं. रोज साधारण २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं पुन्हा वापरलं जातं. अन्नातून भर पडते ती फक्त एक-दोन मिलिग्रॅमची. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. मात्र निरोगी माणसाचं दोन मिलिलिटर रक्त गेलं तरी जवळपास एक मिलिग्रॅम लोह जातं. त्यामुळे पाळी थांबलेल्या बाईचं लोह घटलं, की जठर-आतड्यातून नकळत रक्त जातंय का, हे शोधावंच लागतं. व्रण असेल, वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम असेल, क्वचित कर्करोगही. ‘बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं’ म्हणून हे सोडून देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घ्या, पण ताप पूर्ण उतरल्यावर. संसर्गात ते वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. डॉक्टरांना आईच्या सगळ्या गोळ्या दाखवा. शौच काळं होतं का, वजन घटलंय का, तेही सांगा. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आलं तरी कारणाचा शोध अर्धवट सोडू नका.