खोल्या मोजा, माणसे नंतर: महाविद्यालयातील आपत्कालीन स्वयंसेवकांविषयी प्रश्नोत्तरे

आग लागली तर काय करायचे याची पाटी प्रत्येक महाविद्यालयात असते. ते करायचे कोणी, हे मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. कर्मचाऱ्यांतून स्वयंसेवक तयार करताना वाचकांना पडलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न: आमची इमारत तळमजला अधिक 4 मजले, दोन विंग, दीड हजारांच्या आसपास विद्यार्थी. उत्साही अशा 10 तरुण प्राध्यापकांची नावे काढली आहेत. पुरतील का? (उपप्राचार्य, पुणे)

उत्तर: 10 पुरणार नाहीत, पण त्याहून मोठी अडचण निवडीची आहे. प्राध्यापक तासागणिक जागा बदलतात. भोंगा वाजेल तेव्हा तुमचा स्वयंसेवक दुसऱ्याच मजल्यावर शिकवत असेल, नाहीतर पेपर तपासायला बाहेरगावी गेलेला असेल. मजल्यासाठी माणूस हवा तो दिवसभर त्याच मजल्यावर बसणारा: प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, विभागाचा लिपिक, शिपाई. कुठल्या दाराची कडी अडकते आणि कुठली खोली आतून लावलेली असते, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते. प्राध्यापकांकडे एकच काम द्या: ज्याचा तास, त्याने तो वर्ग बाहेर काढायचा.

संख्येचा हिशेब असा. एक माणूस दारे उघडत, आत डोकावत 3 मिनिटांत जेवढा भाग पाहू शकेल, तेवढा एक टप्पा. तुमच्याकडे एका मजल्याची एक विंग म्हणजे एक टप्पा धरला, तर 10 टप्पे होतात. प्रत्येकाला एक मुख्य आणि एक बदली, म्हणजे 20. शिवाय जिन्यांच्या पायथ्याशी 2, असेंब्ली पॉइंटवर (बाहेर सगळ्यांनी जमायच्या ठरलेल्या जागी) 2, अग्निशमन दलाची गाडी आत घ्यायला फाटकावर 1, आणि समन्वयक व उपसमन्वयक. एकूण 27. वर्ग साडेसातला भरत असतील आणि कार्यालय साडेदहाला उघडत असेल, तर मधल्या 3 तासांची यादी वेगळी करावी लागेल. बहुतेक याद्या याच 3 तासांत कोलमडतात.

आणखी एक कागद आधी हवा: प्राचार्यांच्या सहीचा आदेश, की भोंगा वाजल्यावर त्या टप्प्यात स्वयंसेवकाचा शब्द अंतिम. शिपायाने विभागप्रमुखांना "सर, आत्ता बाहेर चला" म्हणायचे असते, आणि ते वाक्य तोंडून निघणे हा साऱ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग आहे. सरावात ते मोठ्याने म्हणून घ्या, समोर विभागप्रमुखांनाच बसवून.

प्रश्न: भोंगा वाजल्यावर मजल्यावरच्या स्वयंसेवकाने नेमके काय करायचे? आम्हाला हजेरी घ्यायला सांगितले आहे, पण कोण विद्यार्थी आला होता हेच कळत नाही. (ग्रंथपाल, नाशिक)

उत्तर: शाळेत हजेरी घेता येते, महाविद्यालयात नाही. निम्मी मुले कँटीनला, काही दुसऱ्याच वर्गात बसलेली, काही आलेलीच नाहीत. म्हणून माणसे मोजण्याचा हट्ट सोडा आणि खोल्या मोजा. प्रत्येक टप्प्यातल्या खोल्यांची यादी पक्की असते. त्या सगळ्या पाहिल्या गेल्या, एवढे ठामपणे सांगता आले की अग्निशमन दलाला हवे ते मिळाले.

तपासणी जिन्यापासून दूरच्या टोकाकडून सुरू करून जिन्याकडे यायचे. उलटे केले तर शेवटची खोली पाहून होईपर्यंत परतीच्या वाटेवर धूर आलेला असू शकतो. दूरच्या टोकाकडे जातानाच धूर दिसला तर पुढे जायचेच नाही. दिसतील त्यांना घेऊन उतरायचे आणि खाली "तपासणी अपुरी" असे सांगायचे. बंद दार उघडण्याआधी तळहाताने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम लागले तर उघडू नका, खोली क्रमांक लक्षात ठेवा. गार असेल तर दार जरासे उघडा, ओरडा, नजर फिरवा. दाराआडचा कोपरा राहून जातो. पाहून झाले की दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. बंद दार धुराला बराच वेळ थोपवते. दारावर गुडघ्याच्या उंचीला खडूने फुली मारा. धूर आधी वरच्या भागात साठतो, डोळ्यांच्या उंचीवरची खूण दिसेनाशी होते, खालची दिसते. खडूची तुमच्याकडे काही कमी नसावी.

सर्वांत जास्त राहून जातात ती स्वच्छतागृहे. मुंबईच्या कमला मिल आवारात डिसेंबर 2017 मध्ये लागलेल्या आगीत 14 जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आसरा घ्यायला गेलेले होते. धुरात माणूस दार असलेल्या छोट्या जागेकडे धावतो. म्हणून प्रत्येक स्वच्छतागृहात आतल्या एकेका दारावर थाप मारायची, आणि मुलींच्या स्वच्छतागृहासाठी थांबून राहायचे नाही: पुरुष स्वयंसेवकाने "आत येतोय" असे ओरडून सरळ जायचे. हे आधी सांगून ठेवले नाही तर तो दारातच घुटमळतो. तुमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या गल्ल्या आणि कानाला हेडफोन लावून बसणारा अभ्यासिकेचा कोपरा यादीत वेगळे लिहा.

खाली उतरल्यावर समन्वयकाला एकच वाक्य: "ब विंग, तिसरा मजला, सर्व खोल्या रिकाम्या" किंवा "ब विंग, तिसरा मजला, 312 चे दार गरम, पाहता आली नाही." तेवढेच बोलायचे आणि परत वर जायचे नाही.

प्रश्न: एक्स्टिंग्विशर भरून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने प्रात्यक्षिक दाखवले, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता वेळ आली तर मला ते चालवता येईल असे वाटत नाही. (रसायनशास्त्र प्रयोगशाळा सहायक, नागपूर)

उत्तर: वाटणार कसे? हातात सिलिंडर घेतल्याशिवाय ते येत नाही. त्यासाठी वेगळा खर्चही नको. पुनर्भरणाला पाठवायचे सिलिंडर कंपनी स्वतःच रिकामे करते. ते तिच्या माणसाकडून नव्हे, तुमच्या स्वयंसेवकांकडून रिकामे करून घ्या, स्थानिक अग्निशमन केंद्राच्या जवानांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून.

क्रम सोपा आहे: पिन काढा, नोझल ज्वाळांच्या बुडाशी रोखा, दांडी दाबा, झाडू मारल्यासारखे डावी-उजवीकडे फिरवा. चूक पहिल्याच पायरीला होते. घाबरलेला माणूस दांडी गच्च आवळून पिन ओढतो, आणि दांडीच्या दाबाने पिन अडकते. सिलिंडर जमिनीवर ठेवा, दांडीवरची पकड सोडा, पिन पिळून ओढा. प्लास्टिकचे सील त्या झटक्यात तुटते. दुसरी चूक अंतराची: 2 ते 3 मीटरवरून सुरुवात करा, फार जवळून मारलेला झोत जळते द्रव उडवतो. तिसरी वेळेची: 6 किलोचे एबीसी पावडर सिलिंडर (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींसाठीच्या कोरड्या पावडरचे) 15-20 सेकंदांत संपते. तेवढ्यात आग विझली नाही, तर ते तुमचे काम राहिले नाही.

म्हणून नियम कडक ठेवा. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल, भोंगा वाजवून झाला असेल आणि सोबत दुसरे माणूस असेल, तरच सिलिंडर उचलायचे. चारपैकी एक नसेल तर दार ओढून घ्या आणि निघा.

प्रयोगशाळेपुरते थोडे अधिक. उपकरणे आणि विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइड वापरा. एबीसी पावडरही चालते, पण ती यंत्रांत शिरून ती कायमची खराब करते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे कर्ण्यासारखे तोंड उघड्या हाताने धरू नका, थंडीने कातडी चिकटते. त्याला दाबाचा काटा नसतो, भरलेले आहे की नाही हे वजनावरूनच कळते, म्हणून नोंदवहीत वजन लिहायला लावा. सोडियम पेटले तर पाणी, कार्बन डायऑक्साइड, नेहमीची एबीसी पावडर यांतले काहीच नको, कोरडी वाळू. ती बादली ओलसर खोलीत उघडी ठेवलेली असते आणि तिच्यात चहाचे कागदी कप पडलेले असतात, हे आजच पाहून घ्या. डोळ्यात आम्ल उडाले तर सलग 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे. नळाखाली डोके धरून ठेवणारा माणूस सोबत लागतो, कारण जखमी दोन मिनिटांत मान काढून घेतो.

प्रश्न: विद्यापीठाची परीक्षा चालू असताना भोंगा वाजला तर? (परीक्षा समन्वयक, अहिल्यानगर)

उत्तर: बाहेर. उत्तरपत्रिका बाकावर, पेन बाकावर, पर्यवेक्षक सर्वांत शेवटी आणि दार ओढून घेऊन. "आधी शिपाई पाठवून बघू" हा मोह टाळा. खरे-खोटे ठरवायचे काम समन्वयक भोंग्याच्या पॅनेलपाशी करील, तोवर वर्ग जिन्यात असले पाहिजेत.

कॉपीची भीती रास्त आहे, तिच्यावर उपाय मैदानात करायचा. प्रत्येक ब्लॉक वेगळा उभा करा, पर्यवेक्षक सोबत, मोबाइल कोणाकडेच नाही. भोंग्याची वेळ आणि परतीची वेळ पर्यवेक्षकाने अहवालात लिहावी. पेपर पुढे चालवायचा की नाही आणि वाया गेलेला वेळ कसा भरून द्यायचा, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सत्राच्या सुरुवातीलाच लेखी घेऊन ठेवा. मैदानात फोनवर ते ठरत नाही.

प्रश्न: आमच्या वसतिगृहात 180 मुले आहेत. भूकंपाचा सराव घ्यायचा आहे, तो आगीच्या सरावाबरोबरच घेतला तर चालेल का? (रेक्टर, कराड)

उत्तर: एकत्र घेऊ नका, कारण पहिली कृती उलटी आहे. आगीत लगेच निघायचे, भूकंपात हादरे थांबेपर्यंत हलायचे नाही. दोन्ही एका दुपारी शिकवले की मुले हादऱ्यातच जिन्याकडे धावतात, आणि दाराबाहेर पडल्या पडल्या डोक्यावर कौले, छज्जाचे तुकडे, कुंड्या येतात.

कराडला हे वेगळे सांगायला नको. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा. दोन्ही पहाटे चारच्या आसपास. सराव मात्र सगळीकडे सकाळी अकराला होतो. वसतिगृहाचा निदान एक सराव रात्री घ्या, दिवे बंद करून. तेव्हा कळेल की चपला सापडत नाहीत, काचेवरून अनवाणी चालावे लागते. म्हणून पलंगाखाली चप्पल आणि बॅटरी ठेवायची सवय लावा. पलंगावर असाल तर उशीने डोके झाकून तिथेच थांबा. उठलेला असाल तर टेबलाखाली वाकून त्याचा पाय धरा. हादरे थांबले की गॅसचा रेग्युलेटर बंद, मुख्य स्विच बंद, मग जिना. मेसमध्ये गॅसचा वास येत असेल तर कुठलेही बटण दाबू नका, दिवा बंद करण्यासाठीसुद्धा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत आणि तळघरात साठतो.

रात्री जिन्याच्या तळाचे सरकते जाळीदार दार कुलूपबंद असते का? असेल तर प्रशिक्षण थांबवा आणि आधी ते सोडवा. बाहेरून येणाऱ्याला अडवायचे असेल तर आतून ढकलून उघडणारे दार बसवा. "किल्ली वॉचमनकडे असते" हे उत्तर नव्हे. वॉचमन पाणी आणायला गेलेला असतो.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना द्यावी का? (लिपिक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नको. संदेश कोणी पाहिला हे कळत नाही आणि ग्रुपमध्ये धुराचे फोटो येऊ लागतात. भोंगा, बॅटरीवरचा मेगाफोन आणि 5-6 वॉकीटॉकी पुरतात. 101 किंवा 112 ला फोन करायची जबाबदारी दोनच माणसांवर टाका, नाहीतर "कोणीतरी केला असेल" म्हणून कोणीच करत नाही. पत्ता, जवळची खूण आणि कुठल्या फाटकातून यायचे, हे फोनशेजारी कागदावर लिहून चिकटवा.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी आहे. आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हणतात, मग तिला उतरवायचे कसे? (विभागप्रमुख, कोल्हापूर)

उत्तर: पहिला उपाय वेळापत्रकात आहे: तिचे तास तळमजल्यावर घ्या. शक्य नसेल तर तिच्यासाठी नावानिशी दोन मदतनीस आणि दोन बदली नेमा, आणि तिला कसे उचललेले सोयीचे, हे तिलाच विचारा. विजेवर चालणारी खुर्ची उचलायला जाऊ नका. वजन इतके असते की जिन्यात सगळेच पडतात. त्यासाठी जिन्यावरून घसरत उतरणारी खास खुर्ची मिळते. तिचा सराव आधी रिकाम्या खुर्चीवर, मग एखाद्या कर्मचाऱ्याला बसवून करा, विद्यार्थिनीवर नको. खुर्ची येईपर्यंत धूर नसलेल्या बंदिस्त जिन्याच्या चौकात, गर्दीची वाट न अडवता थांबायचे, एक मदतनीस सोबत. दुसऱ्याने खाली जाऊन नेमकी जागा सांगायची. पायाला प्लास्टर असलेला, गरोदर शिक्षिका, ऐकू न येणारा सहायक, ही नावे दर सत्राला बदलतात, यादीही बदला.

प्रश्न: आमचा फॉर्म बी दर सहा महिन्यांनी वेळेवर जातो आणि मॉक ड्रिलही होते, 4 मिनिटांत इमारत रिकामी. आणखी काय हवे? (प्राचार्य, ठाणे)

उत्तर: फॉर्म बी हा 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा दाखला आहे, पंप, नळ, भोंगे चालू असल्याचा. माणसांना ते वापरता येतात की नाही, हे तो सांगत नाही.

आणि 4 मिनिटे कशी आली? तारीख सगळ्यांना माहीत होती, दोन्ही जिने मोकळे होते, मुले वर्गात दप्तर भरून तयार बसली होती. पुढच्या वेळी तारीख फक्त तुम्हाला आणि समन्वयकाला ठाऊक असू द्या. अग्निशमन केंद्राला मात्र आधी कळवा. मुख्य जिन्यावर "येथे धूर आहे" असा फलक धरून एक माणूस उभा करा. हा बनाव काल्पनिक नाही. 15 जून 2023 रोजी दिल्लीत मुखर्जीनगरच्या शिकवणीवर्गांच्या इमारतीत आग विजेच्या मीटरपाशी लागली, धूर जिन्यात शिरला आणि मुले खिडक्यांतून तारा-दोर धरून उतरली. आपल्याकडेही मीटरची खोली बहुधा जिन्याखालीच असते.

मग घड्याळ लावा आणि मोजा ते एकूण वेळ नव्हे: भोंग्यापासून पहिला वर्ग उठेपर्यंत किती सेकंद गेले, शेवटच्या टप्प्याचा अहवाल कधी आला, कुठल्या टप्प्याचा आलाच नाही. एका बंद खोलीत आधीच एक पुतळा किंवा रंगीत जाकीट ठेवून द्या आणि ते कोणाला सापडले हे पाहा. सराव झाल्यावर 10 मिनिटांत, लोक पांगायच्या आत, मैदानातच चुका लिहून घ्या. प्रत्येक चुकीसमोर नाव आणि तारीख: दुसऱ्या जिन्याचे दार बाहेर उघडत नाही, सुतार, पुढचा सोमवार.