रद्दी, मासिकं आणि न ऐकू येणारी जागा

प्रश्न: मुलाला म्हटलं, "जुनी पुस्तकं आणि मासिकं रद्दीत दे." पठ्ठ्याने पुस्तकं तेवढी जुनी बघून काढली आणि मासिकं सगळीच दिली, या महिन्याचं कोरं मासिकसुद्धा! वर म्हणतो, आई तूच असं सांगितलंस. लिंग्विस्टिक्स शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, यात स्ट्रक्चर दोन आहेत." म्हणजे काय हो?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, भाचा बरोबर बोलला. शब्द तेच, क्रम तोच, बांधणी वेगळी. तुम्ही मनात आधी 'पुस्तकं आणि मासिकं' ही जोडी बांधलीत आणि तिला 'जुनी' लावलंत, मुलाने आधी 'जुनी पुस्तकं' बांधलं आणि मग त्याला 'मासिकं' जोडली. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीच्या मिनिमलिस्ट (म्हणजे कमीत कमी नियमांत भाषा समजावणाऱ्या) मांडणीत या जोडण्याला मर्ज म्हणतात, दोन गोष्टी घ्यायच्या, एक करायची, तिला तिसरी जोडायची, बस. तयार झालेली रचना मग दोन खात्यांत जाते, एक उच्चार ठरवतं, दुसरं अर्थ, आणि गंमत म्हणजे ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांना दिसते ती फक्त रचना.

मोठ्याने म्हणून बघा. 'जुनी पुस्तकं' नंतर थांबलात की मुलाचा अर्थ, 'जुनी' नंतर किंचित थांबून पुढचं एका दमात म्हटलंत की तुमचा. (स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं असेल तर कसलं थांबणं नि कसलं काय!)

आवाज दरवेळी मदतीला येतो असंही नाही. "मी त्याला पळताना पाहिलं", यात पळत कोण होतं? 'पळताना' उचलून पुढे आणा, "पळताना मी त्याला पाहिलं", की मीच पळत होतो असं पटकन वाटतं.

माझं लाडकं उदाहरण मात्र इंग्रजीतलं. 'वॉन्ट टू'चं बोलताना 'वॉना' होतं. तुला कोणाला भेटायचंय, हे "हू डू यू वॉना मीट?" असं बिनधास्त विचारतात. पण कोण जिंकावं असं तुला वाटतं, हे विचारताना बऱ्याच इंग्रजी भाषकांना "हू डू यू वॉना विन?" खटकतं, तिथे 'वॉन्ट टू' सुटंच लागतं. का? तर जिंकणारा तो 'हू' मुळात 'वॉन्ट' आणि 'टू'च्या मधला, तो उठून पुढे गेला तरी त्याची रिकामी जागा तिथेच राहिली आणि ती दोघांना चिकटू देत नाही. या स्पष्टीकरणावर भाषाशास्त्रज्ञांत भांडणं आहेत, पण मला तरी ते पटतं.

आणि हो, पुढच्या वेळी "मासिकंही जुनीच" एवढं जोडा.